मैलापूरचे 103 दिवस

राजा सर टी. माधवराव यांच्या अखेरच्या आजाराच्या दोन तारखा चरित्रांतून हाती लागतात. 22 डिसेंबर 1890 रोजी मद्रास शहरातल्या मैलापूर भागात त्यांना पक्षाघाताचा झटका आला, त्यानंतर प्रकृती झपाट्याने ढासळत गेली आणि 4 एप्रिल 1891 रोजी त्यांचे निधन झाले. पंचांगाशी ताडून पाहिले तर पहिला दिवस सोमवार पडतो, दुसरा शनिवार. डिसेंबरचे 9 दिवस, जानेवारीचे 31, फेब्रुवारीचे 28, मार्चचे 31 आणि एप्रिलचे 4 असे एकूण 103 दिवसांचे अंतर या दोन तारखांत आहे. पुढचे सगळे विवेचन या आकड्यावर उभे राहणार असल्यामुळे तो आधीच मोजून ठेवलेला बरा.

मराठी वाचकाला माधवराव ओळखीचे आहेत ते बडोद्यामुळे. मल्हारराव गायकवाडांना 1875 मध्ये गादीवरून दूर केल्यानंतर राज्य सावरण्यासाठी त्यांना दिवाण म्हणून आणले गेले. 1882 पर्यंत त्यांनी तो कारभार सांभाळला आणि तरुण सयाजीरावांना राज्यकारभाराचे जे पाठ दिले, ते ‘मायनर हिंट्स’ या नावाने पुढे छापले गेले. त्याआधी त्रावणकोरची आणि इंदूरची दिवाणगिरी त्यांनी केली होती. जन्म कुंभकोणमचा, घराणे तंजावरच्या मराठी देशस्थांचे, शिक्षण मद्रासचे, आणि निवृत्तीनंतरचा मुक्कामही मद्रासलाच. डिसेंबर 1887 मध्ये काँग्रेसचे तिसरे अधिवेशन मद्रासला भरले, तेव्हा स्वागत समितीचे अध्यक्ष तेच होते. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी हा आघात झाला.

आता या दोन तारखांना मी जो प्रश्न विचारणार आहे, तो चरित्रकारांच्या मनात येणे शक्यच नव्हते. मेंदूत रक्तस्राव झालेल्या अत्यवस्थ रुग्णाच्या रक्तात प्राणवायू किती असावा, यावर आजच्या अतिदक्षता विभागांत वाद चालू आहे. कमी पडला तर मेंदू मरतो, हे सर्वांना मान्य आहे. गरजेपेक्षा जास्त दिला तर काय होते, यावर एकमत नाही. माधवरावांच्या रक्तातला प्राणवायू कोणी मोजला नाही आणि मोजूही शकला नसता. तरीही दोन तारखांमधले अंतर हाच एक पुरावा मानला, तर त्यातून त्या रक्ताबद्दल काही निघते का? माझ्या मते निघते, आणि अपेक्षेपेक्षा बरेच निघते. फक्त प्रत्येक पायरीवर ती किती भक्कम आहे हे तपासत जायला हवे.

पहिली पायरी वयाची. काही ठिकाणी मृत्यूसमयी त्यांचे वय 63 दिलेले दिसते. जन्मतारीख 20 नोव्हेंबर 1828 धरली, तर 4 एप्रिल 1891 रोजी त्यांना 62 वर्षे पूर्ण होऊन साडेचार महिने झाले होते, म्हणजे त्रेसष्टावे चालू होते. चालू वर्ष सांगण्याची आपल्याकडची रीत लक्षात घेता यात विसंगती नाही. फरक लहान आहे, पण पुढे वयावरून फुप्फुसांचा अंदाज बांधायचा असल्यामुळे तो मिटवून टाकलेला चांगला.

दुसरी पायरी अधिक अवघड आहे. झटका रक्तस्रावाचा होता की गुठळीचा? मेंदूतली धमनी फुटली तरी अर्धांग लुळे पडते आणि तुंबली तरी पडते. जिवंत माणसाच्या बाबतीत हा निवाडा खात्रीने करण्याचे साधन सीटी स्कॅनने दिले, आणि पहिल्या रुग्णाचे असे चित्र लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात 1 ऑक्टोबर 1971 रोजी काढले गेले. 1890 मध्ये डॉक्टरकडे लक्षणे होती: अचानक बेशुद्धी, जोराची डोकेदुखी, उलटी, घोरल्यासारखा श्वास. ही सगळी एकत्र दिसली की रक्तस्रावाची शंका घेत. शार्को आणि बूशार यांनी 1868 मध्येच मेंदूच्या खोल भागातल्या बारीक धमन्यांवरचे फुगवटे वर्णन करून त्यांचा रक्तस्रावाशी संबंध जोडला होता. रक्तदाब मात्र सहज मोजता येत नव्हता. दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याची रिव्हा-रोचींची पद्धत 1896 ची. माधवरावांचा रक्तदाब वाढलेला होता असे कोणी लिहिले, तर तो निव्वळ तर्क समजावा. पाश्चात्त्य देशांतल्या आजच्या नोंदींप्रमाणे पक्षाघाताच्या दर शंभर रुग्णांत रक्तस्रावाचे रुग्ण पंधराच्या आसपास असतात, आणि आशियात हे प्रमाण त्याहून जास्त आढळते. म्हणजे नुसत्या संभाव्यतेवर गेलो तर पारडे गुठळीकडे झुकते, पण रक्तस्राव बाद होत नाही.

इथे 103 दिवस पहिल्यांदा बोलू लागतात. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर एका महिन्यात किती रुग्ण दगावतात, यावरचे जगभरातले अभ्यास व्हान अ‍ॅश यांनी 2010 मध्ये एकत्र केले. मध्यम आकडा 40.4 टक्के निघाला, आणि त्यात व्हेंटिलेटर व अतिदक्षता विभाग असलेल्या काळातले रुग्ण आहेत. या मृत्यूंतले बरेचसे पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतात. ज्यांचा रक्तस्राव मोठा असतो, मेंदूच्या देठावर दाब येतो आणि श्वसनकेंद्र बंद पडते, ते यंत्राशिवाय पहिली रात्रसुद्धा काढत नाहीत. माधवरावांनी ती रात्र काढली, पहिला आठवडा काढला, पहिला महिनाही काढला. तेव्हा लहान रक्तस्राव किंवा गुठळी, हे दोन पर्याय उरतात. प्रचंड रक्तस्रावाचा पर्याय निकालात निघतो. याहून पुढे जाऊन ठाम बोलण्याइतका पुरावा या तारखांत नाही.

त्या खोलीत डॉक्टरला काय दिसत होते आणि त्याचा अर्थ लावायला त्याच्याजवळ काय होते, हे ठरवायचे तर त्या काळचे वैद्यकीय कागद उघडावे लागतात. योगायोग असा की 1889 ते 1892 या तीनचार वर्षांत श्वास, रक्त आणि मेंदू यांच्या नात्याबद्दल एकामागून एक महत्त्वाचे लेखन छापले जात होते. त्यातले एक तर मद्रासहून फारशा दूर नसलेल्या शहरात तयार झाले.

ते शहर हैदराबाद. क्लोरोफॉर्म दिल्यावर रोगी दगावतो तो हृदय थांबून की श्वास थांबून, या वादाचा निकाल लावण्यासाठी निजामाच्या पैशाने तिथे दोन आयोग बसले, 1888 आणि 1889 मध्ये. दोन्हींचे सूत्रधार हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी. दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवले आणि स्थानिक डॉक्टरांपैकी रुस्तमजी हकीम त्यात सदस्य होते. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून आयोगाने ठरवले की श्वास आधी थांबतो, म्हणून भूल देणाऱ्याने नाडी धरून बसण्यापेक्षा श्वासावर लक्ष ठेवावे. अहवाल 1890 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यातला हृदयाविषयीचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. क्लोरोफॉर्मने हृदयाचा ताल बिघडून थेट मृत्यू येऊ शकतो, हे लेव्ही यांनी 1911 मध्ये दाखवून दिले. पण श्वासावर नजर ठेवण्याचा आग्रह योग्यच होता, आणि 1890 च्या डिसेंबरात दक्षिणेतल्या इंग्रजी शिकलेल्या डॉक्टरांच्या कानांवर हा वाद गेला नसेल असे मानणे कठीण आहे. हा माझा अंदाज आहे. माधवरावांच्या उशाशी बसलेल्या माणसाने तो अहवाल वाचला होता, असा दावा मी करत नाही.

दुसरा कागद त्याहून जुना आणि आपल्या प्रकरणाच्या फार जवळचा आहे. डब्लिनच्या जॉन चेन यांनी 1818 मध्ये पक्षाघाताच्या एका रुग्णाची हकीगत छापली. रुग्णाचे वय 60. अखेरच्या काही दिवसांत त्याचा श्वास सुमारे पाव मिनिट पूर्ण थांबे, मग अगदी हलका सुरू होई, वाढत वाढत धापेसारखा होई आणि पुन्हा मंदावत थांबे. हे पूर्ण आवर्तन एका मिनिटाचे होते आणि त्यात तीसएक श्वास होत. चेन यांनी मोजून लिहिले होते, म्हणून दोनशे वर्षांनंतरही ही नोंद वाचताना त्या माणसाची छाती वर-खाली होताना डोळ्यांपुढे येते. विल्यम स्टोक्स यांनी 1854 मध्ये असेच वर्णन केले, आणि चेन-स्टोक्स श्वसन हे नाव वैद्यकात कायमचे बसले. 1890 मधल्या कोणत्याही शिकलेल्या डॉक्टरला ते माहीत असणार. आज आपल्याला आणखी एक गोष्ट कळते: श्वास थांबण्याच्या त्या पाव मिनिटात धमनीतल्या रक्ताचा प्राणवायू घसरत असतो आणि धाप लागली की पुन्हा चढतो. चेन यांनी नकळत रक्तातल्या प्राणवायूचा चढउतारच टिपून ठेवला होता.

तिसरा कागद 1890 चाच. केंब्रिजमध्ये चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी मेंदूच्या रक्तपुरवठ्यावरचा निबंध ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’मध्ये छापला. कवटीला भोक पाडून मेंदूच्या जाडीतला सूक्ष्म बदल त्यांनी तरफेने कागदावर उतरवला आणि अनुमान काढले की मेंदू आपल्या गरजेप्रमाणे आपला रक्तपुरवठा स्वतः वाढवतो व घटवतो. हे अनुमान आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. मेंदूला प्राणवायू कमी पडला की धमन्या रुंदावतात, जास्त झाला की आकसतात. माधवरावांना झटका आला त्याच वर्षी ही कल्पना पहिल्यांदा स्पष्ट मांडली गेली.

चौथा कागद उपयोगाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो. फोकस्टोन गावच्या व्हिक्टोरिया रुग्णालयातले डॉक्टर रॉबर्ट बोल्स यांनी 1891 मध्ये पक्षाघातातल्या घरघरीवर पुस्तक प्रसिद्ध केले. बेशुद्ध रोगी उताणा पडला की जीभ मागे घशात पडते, वाट अडते, घरघर सुरू होते. त्याला कुशीवर वळवले की घरघर थांबते. इतकी साधी गोष्ट, पण त्यांनी ती वर्षानुवर्षे पाहून आणि तपासून सांगितली. घरघर म्हणजे मेंदूच्या इजेचे अटळ चिन्ह, असे मानले जात असताना बोल्स म्हणत होते की घरघर हीच इजा वाढवते आहे. आज प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवतात ती कुशीवरची स्थिती इथूनच आली. त्या काळच्या साधनांत पक्षाघाताच्या रोग्याच्या रक्तातला प्राणवायू वाढवणारा याहून प्रभावी उपाय दुसरा नव्हता. विल्यम ऑस्लर यांचे प्रख्यात पाठ्यपुस्तक 1892 चे. त्यात धमनीचा ताण वाढलेला असेल तर शीर कापून रक्त काढण्याचा सल्ला आहे. रक्त काढले म्हणजे प्राणवायू वाहणारे हिमोग्लोबिनही जाते, पण तो हिशेब तेव्हा कोणी त्या दृष्टीने मांडत नव्हते.

हिमोग्लोबिन माहीत नव्हते असे नाही. होप-झायलर यांनी त्याला 1864 मध्ये नाव दिले. त्याच वर्षी जॉर्ज स्टोक्स यांनी, हे चेन-स्टोक्समधल्या स्टोक्सहून वेगळे, रक्ताचा रंग प्राणवायूच्या कमीजास्तपणाने कसा बदलतो ते प्रकाशाच्या पट्ट्यांवरून दाखवले. 1876 मध्ये कार्ल व्हीरोर्ट यांनी बोटांतून प्रकाश पाठवून, बोट आवळून धरल्यावर रक्तातला हा बदल कसा होतो ते पाहिले. म्हणजे बोटाला लावायच्या आजच्या चिमट्याचे तत्त्व माधवरावांच्या झटक्याआधी चौदा वर्षे छापून झाले होते. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा प्रकाश वेगळा काढून पल्स ऑक्सिमीटरची कल्पना 1974 मध्ये मांडली, त्याला आणखी शंभराला दोन कमी इतकी वर्षे लागली.

मग 1890 मध्ये रक्तातला प्राणवायू ओळखायचा कसा? डोळ्यांनी. ओठ, जीभ, नखे निळसर पडली का ते पाहायचे. ही परीक्षा किती भरवशाची, हे कोम्रो आणि बोटेल्हो यांनी 1947 मध्ये तपासले. निरोगी माणसांच्या रक्तातला प्राणवायू मुद्दाम कमी करत नेला आणि डॉक्टर व विद्यार्थ्यांना विचारले की निळसरपणा दिसतो का. संपृक्तता 80 टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत बऱ्याच जणांना तो खात्रीने ओळखता आला नाही. सावळ्या कातडीवर काम आणखी अवघड. यंत्र आल्यावरही ही अडचण पूर्ण सुटली नाही. अमेरिकेतल्या रुग्णांवरचा 2020 चा एक अभ्यास सांगतो की बोटावरचे यंत्र 92 ते 96 दाखवत असताना धमनीतले खरे प्रमाण 88 च्या खाली असण्याची वेळ गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के मोजण्यांत आली आणि काळ्या रुग्णांत 11.7 टक्के. चेन्नईच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्याने हा आकडा विसरून चालणार नाही.

म्हणूनच तिथे शेवटचा शब्द एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूला बोटांनी ठोका चाचपायचा, तिरपी सुई घालायची, आणि रक्त लालभडक व ठोक्यागणिक आपोआप सिरिंजमध्ये चढताना दिसले की धमनी मिळाली म्हणायचे. सिरिंजला आधीच हेपॅरिन लावलेले असते. आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो काढून टाकायचा, कारण त्या बुडबुड्यातला प्राणवायूही आकडा बिघडवतो. मग वेळ न दवडता नमुना यंत्रापर्यंत पोहोचवायचा. प्राणवायूचा दाब मोजणारा इलेक्ट्रोड लीलँड क्लार्क यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केला आणि दोनेक वर्षांतच सेव्हरिंगहाउस यांनी रक्तातले वायू एकत्र मोजणारे यंत्र जुळवले. मद्रासच्या जनरल हॉस्पिटलमध्ये बी. राममूर्तींनी न्यूरोसर्जरीचा विभाग सुरू केला तो 1950 मध्ये, म्हणजे देशातल्या अगदी सुरुवातीच्या अशा विभागांपैकी एक उभा राहिला तेव्हासुद्धा हा आकडा कोणाच्या हाती नव्हता.

मैलापूरच्या बाबतीत यंत्र नसले तरी एक हिशेब मात्र कागदावर करता येतो. मद्रास समुद्रकाठी आहे, हवेचा दाब 760 मिलिमीटर पारा धरू. श्वासनलिकेत हवा ओलसर होते, तेव्हा वाफेचे 47 वजा करायचे. उरलेल्या 713 चा 21 टक्के भाग प्राणवायू, म्हणजे 150. फुप्फुसाच्या आत कार्बन डायऑक्साइडची जागा वगळली की 100 च्या आसपास उरतात. धमनीत त्याहून थोडे कमी, आणि 62 वर्षांच्या माणसात 80 च्या जवळपास. सिलिंडर नसलेल्या खोलीत माधवरावांच्या धमनीतला दाब 100 च्या फार वर जाणे निसर्गनियमानेच अशक्य होते. लंडनमध्ये ब्रिन बंधूंची प्राणवायू विकणारी कंपनी 1886 मध्ये निघाली होती, पण लिंड यांनी हवा द्रवरूप करण्याची पद्धत शोधली ती 1895 मध्ये, आणि प्राणवायूचा पद्धतशीर उपचार हाल्डेन यांनी मांडला 1917 मध्ये. मैलापूरच्या घरात सिलिंडर पोहोचला असेल, याला कुठलाच आधार नाही.

हा हिशेब कशासाठी, ते आता सांगतो. फ्रेड रिंकन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘क्रिटिकल केअर मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापला. अमेरिकेतल्या 84 अतिदक्षता विभागांतले, व्हेंटिलेटरवर असलेले 2,894 पक्षाघाताचे रुग्ण. त्यांतले 49 टक्के मेंदूच्या आतल्या रक्तस्रावाचे, 32 टक्के मेंदूच्या आवरणाखालच्या रक्तस्रावाचे आणि उरलेले 19 टक्के गुठळीचे, म्हणजे बहुतांश रक्तस्रावच. पहिल्या चोवीस तासांतल्या एबीजीवरून तीन गट पाडले. प्राणवायूचा दाब 300 किंवा त्याहून जास्त असलेल्या गटात 60 टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले, मधल्या गटात 47 टक्के आणि कमी प्राणवायूच्या गटात 53 टक्के. कमी पडलेल्यांपेक्षा जास्त मिळालेल्यांत मृत्यू अधिक, हे वाचून पहिल्यांदा मीही पाने मागे उलटून आकडे पुन्हा पाहिले.

आकडे पक्के असले तरी अर्थ लावताना सावध राहायला हवे. ‘कमी प्राणवायू’चा गट नुसत्या दाबावर ठरवलेला नव्हता; दिलेल्या प्राणवायूच्या मानाने फुप्फुसे किती काम करतात ते गुणोत्तरही त्यात धरले होते, त्यामुळे निम्म्याहून थोडे जास्त रुग्ण त्याच गटात गेले. दुसरे, 300 चा दाब रुग्णाला आपोआप येत नाही. कोणीतरी यंत्राची मूठ फिरवून तो देतो, आणि ज्याची अवस्था सर्वांत वाईट त्याला घाईत शंभर टक्के प्राणवायूवर ठेवण्याचा संभव जास्त. इतर घटकांचा हिशेब केल्यावर धोका 1.7 पटींवरून 1.2 पटींवर आला, याचा अर्थ बराचसा फरक मूळच्या गंभीरपणाचा होता. उरलेले 0.2 प्राणवायूचे की न मोजलेल्या कशाचे, हे अशा नोंदींवरून ठरत नाही.

कार्यकारणाची वाट मात्र आहे. केटी आणि श्मिट यांनी 1948 मध्ये जवळजवळ शुद्ध प्राणवायू देऊन पाहिले, तेव्हा मेंदूतला रक्तप्रवाह 13 टक्क्यांनी घटला. दुसरीकडे फायदा किती? डेसिलिटरभर रक्तात हिमोग्लोबिन सुमारे 20 मिलिलिटर प्राणवायू वाहते. दाब 100 वरून 300 केला तर त्यात विरघळलेल्या प्राणवायूची भर पडते फक्त 0.6 मिलिलिटरची, म्हणजे तीन टक्के. तीन टक्के मिळवायचे आणि तेरा टक्के प्रवाह गमवायचा. हे आकडे निरोगी मेंदूचे आहेत आणि इजा झालेल्या मेंदूला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत, तरी दिशा कळते. ज्यांचा प्राणवायू मुळात घसरलेला नाही अशांना सरसकट देऊन उपयोग होतो का, हे ब्रिटनमध्ये 136 रुग्णालयांतल्या 8,003 पक्षाघाताच्या रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून तपासले गेले. 2017 चा निकाल: तीन महिन्यांनंतर ना मृत्यूत फरक, ना अपंगत्वात. त्यात बहुतेक रुग्ण गुठळीचे होते, म्हणून रक्तस्रावापुरता तो अंतिम शब्द नव्हे.

आता हे सगळे माधवरावांच्या 103 दिवसांवर ठेवून पाहू. रिंकन यांच्या पहिल्या गटात, म्हणजे 300 च्या वर, ते असूच शकत नव्हते, हे खात्रीचे. त्यांच्या मेंदूच्या देठातले श्वसनकेंद्र कोणत्याही आधाराशिवाय तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, हेही खात्रीचे. मेंदूच्या वजनाला शरीराचा पन्नासावा भाग आणि प्राणवायूच्या खर्चाला पाचवा. चारपाच मिनिटे पुरवठा तुटला तरी भरून न येणारी हानी होते. म्हणजे पहिल्या काही दिवसांत रक्तातला प्राणवायू दीर्घकाळ फार खाली गेला नसला पाहिजे. हे खात्रीच्या अगदी जवळचे. त्यांची शुद्ध फार काळ हरपलेली नसावी आणि गिळता येत असावे, हे बहुधा. शिरेतून सलाइन देण्याची सोय रुळण्याआधीच्या काळात गिळता न येणारा माणूस साडेतीन महिने जगवणे अतिशय कठीण होते. नळीने अन्न घालण्याच्या युक्त्या डॉक्टरांना ठाऊक होत्या, म्हणून ‘बहुधा’ या शब्दाच्या पलीकडे मी जात नाही. आणि घरच्या माणसांनी त्यांना वेळोवेळी कुशीवर वळवले असावे, उठवून बसवून भरवले असावे, हा तर्क. पण त्या तर्काशिवाय 103 चा आकडा समजावून सांगणे मला जमत नाही. बोल्स यांचे पुस्तक छापून येत होते तेव्हा मैलापुरात कोणीतरी त्याचा अर्थ हातांनी पार पाडत होते.

चरित्रकारांच्या एका विधानाशी मात्र हा आकडा झगडतो. झटक्यानंतर प्रकृती झपाट्याने ढासळली, असे ते सांगतात. साडेतीन महिने हा ‘झपाटा’ म्हणायचा का? दोन्ही गोष्टी खऱ्या ठरण्याचा एक मार्ग आहे. पहिला आघात माणसाला संपवण्याइतका मोठा नव्हता, पण सार्वजनिक जीवनातून कायमचा उठवण्याइतका होता. लोकांना ते दिसेनासे झाले ते डिसेंबरात, गेले एप्रिलात. लांबून लिहिणाऱ्याला हे अंतर आखडलेले दिसणे स्वाभाविक आहे.

राहिला तो शेवटचा दिवस. पक्षाघातानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येणारे मृत्यू साधारण ठरावीक वाटांनी येतात: दुसरा झटका, हृदयविकार, अंथरुणावरच्या जखमांतून पसरलेला संसर्ग, आणि न्यूमोनिया. गिळताना ठसका लागून अन्नाचे कण फुप्फुसात उतरतात, ताप चढतो, श्वास वाढतो आणि रक्तातला प्राणवायू दिवसागणिक घसरत जातो. माझा कल न्यूमोनियाकडे आहे, कारण दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध रोग्यात तो सर्वांत नेहमीचा. तसे असेल तर सुरुवातीला ज्या प्राणवायूने त्यांना तारले, त्याच्याच अभावाने शेवट झाला. पण हा कल आहे, निष्कर्ष नव्हे.

तो निष्कर्षापर्यंत नेण्याची शक्यता जिथे आहे, ती ठिकाणे ठाऊक आहेत. ‘द हिंदू’ 1889 पासून मद्रासहून रोज निघत होता, ‘मद्रास मेल’ त्याआधीपासून. इतक्या मोठ्या माणसाच्या प्रकृतीची बातमी 23 डिसेंबर 1890 नंतरच्या अंकांत असणे अपेक्षित आहे. बडोद्याचे जुने दप्तर हे दुसरे ठिकाण. आपल्या जुन्या दिवाणाच्या आजाराची विचारपूस सयाजीरावांकडून झाली असेल, तर उत्तरादाखल गेलेल्या एखाद्या पत्रात डॉक्टरचे मत उतरले असेल. ज्याला शोधायचे असेल त्याने डिसेंबरच्या कागदांत तीन गोष्टी पाहाव्यात: वाचा राहिली का, कोणती बाजू गेली, तोंडाने अन्न घेत होते का. उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली असतील तर इजा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात होती. एप्रिलच्या कागदांत एकच पाहावे. शेवटच्या आठवड्यात ताप व धाप यांची नोंद मिळाली तर न्यूमोनियाचे पारडे जड होते. शुक्रवारी किंवा शनिवारी अचानक शुद्ध हरपल्याची नोंद मिळाली, तर फुप्फुसांवरचा संशय मागे घ्यावा लागतो आणि दुसऱ्या झटक्याचा विचार आधी करावा लागतो.